फॉस्टर कुटुंबाला मदत म्हणून मूल अधूनमधून एक-दोन दिवस सांभाळलं तर खरंच उपयोग होतो का?

होतो. खूप होतो. (फॉस्टर कुटुंब म्हणजे आपल्या आईवडिलांकडे राहू न शकणारं मूल काही काळ स्वतःच्या घरी सांभाळणारं कुटुंब.) तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे पूर्णवेळ फॉस्टर पालक होणं जमणार नाही, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार देता येईल, पण एवढ्यानं काय होणार आणि मुलाला उगाच इकडून तिकडे फिरवल्यासारखं तर नाही ना होणार. हे शेवटचं वाक्य माझ्या मोठ्या भावानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी मैत्रीण आणि तिचा नवरा फॉस्टर पालक आहेत. त्यांच्याकडे सात-आठ वर्षांचा एक मुलगा आला, आधीची घरं बदलून आलेला. दिवसा शहाणा, पण रात्री झोपायचाच नाही, सारखा उठून ही दोघं घरात आहेत ना ते बघून यायचा, उशीखाली खाऊ लपवून ठेवायचा, आणि मैत्रिणीची अवस्था अशी की बोलता बोलता बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. येणारे-जाणारे तिला 'किती मोठं काम करतेस गं' म्हणायचे आणि आपापल्या घरी जायचे. मला संताप यायचा. कौतुक करून काय होणार, तिला झोप हवी होती.

मूल सोपवणाऱ्या संस्थेकडून मी रीतसर मंजुरी घेतली. पोलीस पडताळणी, घर बघायला येणं, घरातल्या सगळ्यांशी बोलणं, हे सगळं झालं आणि व्हायलाच हवं. पण पहिले काही आठवडे मुलाला घरी आणलंच नाही. मीच त्यांच्याकडे जाऊन बसायचे, तो गृहपाठ करतोय, मी कपड्यांच्या घड्या घालतेय, बोलला तर बोलला. मग एक दुपार आमच्याकडे, संध्याकाळी परत. मग रात्र राहायचं ठरलं आणि मैत्रिणीनं बॅग काढली तर हा पलंगाखाली जाऊन बसला, बाहेर येईना. बॅग भरली की घर सुटतं एवढंच त्यानं आजवर पाहिलेलं. त्या दिवशी नेलंच नाही त्याला. पुढे आम्ही ठरवलं, बॅग भरायचीच नाही. दुसरा टूथब्रश, रात्रीचे कपडे, चादर, मैत्रिणीचा आणि तिच्या नवऱ्याचा फोटो, सगळं आमच्याकडे कायमचं, कपाटाचा खालचा कप्पा त्याचा आणि त्यात दुसऱ्या कुणाचं काही ठेवायचं नाही. तो आधी येऊन कप्पा बघून गेला, हात घालून बघितला. त्यानंतर तो रिकाम्या हातानं यायचा आणि रिकाम्या हातानं घरी जायचा. 'उद्या कधी न्यायला येणार?' विचारायचा, मी वेळ सांगायचे, आणि ती वेळ आम्ही कधीही टळू दिली नाही. याचा मला अभिमान आहे.

आता दादाचं म्हणणं. 'दोन दिवस माया लावायची आणि परत पाठवायचं, पोराच्या मनाशी खेळ आहे हा.' दादा, हा प्रश्न १९६०च्या दशकातच लोकांनी नीट तपासलाय. इंग्लंडमधे जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या जोडप्यानं लहान मुलं स्वतःच्या घरी सांभाळली, त्यांच्या आया दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होत्या तेव्हा. आधी ओळख करून घेतली, मुलाच्या सवयी आईकडून विचारून घेतल्या, आईचा विषय रोज काढत राहिले. ती मुलं बेचैन झाली पण सावरली. आणि त्याच काळात १७ महिन्यांचा एक मुलगा ९ दिवस पाळणाघरासारख्या निवासी संस्थेत होता, तिथे नर्स सतत बदलत होत्या, तो पार कोमेजला, आई आली तर तिच्याकडे जाईना. दोन्हीकडे आई दूरच होती. मूल कुणाच्या हातात आहे आणि तो हात रोज बदलतो का, यावर सगळं अवलंबून आहे.

दादाचं दुसरं वाक्य मला जास्त लागतं. 'जिला झेपत नाही तिनं आणूच नये.' त्याची स्वतःची दोन्ही मुलं आजी, आत्या, मावशी यांच्या जिवावर मोठी झाली, वहिनी आजारी असताना मुलं आमच्याकडेच होती, तेव्हा कुणी म्हणालं का की तुला झेपत नाही? फॉस्टर मूल आलं की नातेवाईक चार पावलं मागे सरकतात आणि वर हे ऐकवतात. अमेरिकेत २००४ साली मॉकिंगबर्ड नावाची पद्धत सुरू झाली, तिच्यात एक अनुभवी घर ६ ते १० फॉस्टर कुटुंबांच्या मागे उभं राहतं, मुलं तिथे अधूनमधून राहायला जातात. म्हणजे गोतावळा मुद्दाम उभा करावा लागला.

तर महिन्यातून एक शनिवार-रविवार पुरतो, पण तो ठरलेला हवा आणि दर वेळी तुम्हीच हवं. पाहुण्यासारखे लाड करू नका, झोपायची वेळ, मोबाइलचा नियम, जे त्याच्या घरी तेच तुमच्याकडे. तुम्हाला लाडकी मावशी किंवा काका व्हायचं असेल तर कृपा करून या भानगडीत पडू नका, घरी परत गेल्यावर त्याची किंमत फॉस्टर आई मोजते.

आणि हो, हे सगळ्या मुलांना लागू नाही. नुकतंच आलेलं मूल असेल किंवा अगदी तान्हं असेल तर त्याला हलवू नका, तुम्हीच त्यांच्या घरी जा, रात्री तुम्ही जागे राहा आणि त्यांना झोपू द्या. जन्मदात्या आईवडिलांबद्दल खोदून विचारू नका, तो आपणहून काही गंभीर बोलला तर ऐकून घ्या, उलटतपासणी नको, आणि त्याच दिवशी समाजसेविकेला कळवा. त्याचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. औषधं आणि ॲलर्जी कागदावर लिहून घ्या, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सही कोणाची चालेल ते आधीच विचारा. मंजुरीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते तुमच्याकडच्या संस्थेलाच विचारा. आणि कुटुंबाला भेटलात की 'मला शनिवार मोकळा आहे' म्हणू नका, त्यांना सगळ्यात जड कोणता दिवस जातो ते विचारा, कदाचित तो मंगळवार असेल.