पोटॅश पाण्यात विरघळतं, मग तरंगतं कसं?

प्रश्न : कुंड्यांसाठी आणलेलं लाल पोटॅश खत बादलीत विरघळवलं, तर तळाशी तांबूस गाळ राहिला. हे खनिज फेसावर तरंगवून वेगळं करतात म्हणे. विरघळणारी वस्तू तरंगेल कशी?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तो तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचा. खाणीतल्या सिल्व्हिनाइट या खनिजात पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे तुमचं पोटॅश, आणि साधं मीठ एकत्र असतं. ते दळून घालतात दोन्ही क्षारांनी आधीच संपृक्त झालेल्या, म्हणजे आणखी क्षार मावत नाही अशा पाण्यात, म्हणून विरघळत नाही. मग अमाइन नावाचं रसायन टाकलं की ते पोटॅशच्या कणांना धरतं आणि कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात. मीठ खालीच राहतं.

खरी डोकेदुखी खनिजासोबत येणाऱ्या चिकणमातीची. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत मी स्वतः पाहिलंय : भांड्यात थोडी माती जास्त गेली आणि फेसावरचा गुलाबी थर बघता बघता विरळ झाला. अमाइन सगळं मातीनेच पिऊन टाकलं होतं! म्हणून आधी दाट लगदा जोरात घुसळून माती सुटी करतात, बारीक गाळ काढून टाकतात. तरी उरतेच थोडी. तिच्यावर गवार गम, म्हणजे आपल्या राजस्थानातल्या गवारीच्या बियांचा डिंक. तो मातीच्या कणांवर बसतो, मगच अमाइन सोडायचं. हा क्रम उलटा करून चालत नाही.