लॅपटॉपवर सगळे आवाज मिळत असताना हार्डवेअर सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वेगळं वाद्य, कशाला घ्यायचा? तुमचा आवडता कोणता?

माझा आवडता कॉर्गचा मोनोलॉग. २०१७ साली आलेला, बारीक २५ पट्ट्यांचा आणि एका वेळी एकच सूर वाजवणारा. एवढे पैसे घालून एकच सूर? मलाही आधी हसू आलं होतं.

मी नाशिकला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि सिडकोतल्या एका भजनी मंडळात वाजवतो. आमच्याकडे पट्ट्या आणि वायर असलेल्या कुठल्याही वस्तूला 'कॅसिओ' म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. ऑर्केस्ट्राला तसा मोठा कीबोर्डच लागतो, शहनाई, सतार, ब्रास, सगळं बटणावर. शेकडो टोन असतात, वापरात येतात वीस-पंचवीस. पण मंडळात त्यावर शहनाई लावून भैरवी वाजवली की आमचे बुवा तोंड वाकडं करायचे. "सूर जिन्यावरून उतरतोय रे तुझा," म्हणायचे.

खरंच होतं ते. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप मुख्यतः दोन होते: पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आणि तिचे बारा सूर ठोकून बसवलेले, श्रुतींना, म्हणजे सुरांच्या मधल्या बारीक जागांना, वाव नाही. माझ्या महागड्या कीबोर्डवर दोन्ही दुखणी तशीच. सूर वरखाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकानं थोडं सावरून घेता येतं, पण डावा हात त्यातच अडकतो.

एकसुरी सिंथवर गंमत अशी, की पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर सूर उडी मारत नाही, घसरत जातो. पहिली सोडून दुसरी दाबली तर खडा लागतो. ही सेटिंग एकदा केली की मींड घ्यायची की नाही हे बोटच ठरवतं. आठ-दहा सूर वाजवणाऱ्या कीबोर्डवर दोन पट्ट्या दाबल्या तर दोन सूर वाजणार, तो तरी काय करील! आपलं गाणं एका ओळीचं, कॉर्डची गरज आपल्याला फारशी नाहीच.

दुसरं दुखणंही या डब्यानं घालवलं. मोनोलॉगवर प्रत्येक पट्टीचा सूर स्वतंत्रपणे वरखाली करता येतो, तेही कॉम्प्युटर न जोडता. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा त्यात हात आहे. मी एका रात्री मोबाईलवर तंबोरा लावला, सा काळी एकचा. म्हणजे गंधार आला पांढरी चारवर. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो, आणि कीबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धा सूर). दोन्ही एकत्र वाजले की आवाजात लाटा उठतात. मी एकेक सेंट उतरवत गेलो. दहाला लाटा मंदावल्या, चौदाला थांबल्या. आतल्या खोलीत बायकोनं टीव्हीचा आवाज कमी केला. एवढी दाद बुवांनीही कधी दिली नाही.

आवाजातली धार कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरचं मात्र लिहून सांगणं कठीण आहे. तो किती उघडायचा ते ठरवणारं कटऑफचं बटण म्हणजे जवळजवळ तोंड. मिटलेल्या ओठांचा 'ऊ', उघडत गेलात की 'आ'. उजवा हात पट्ट्यांवर, डावा त्या बटणावर, आणि नजर गायकाकडे. लॅपटॉपवरही हे सगळं होतं, नाही असं नाही, पण तिथे माझी नजर पडद्यावर आणि बोट माऊसवर. आठवड्याभरात हाताला बटणांच्या जागा पाठ होतात, माऊसला कसली जागा आलीय?

जुन्यांपैकी मिनीमूग, १९७० चा, तोही एकसुरी. पुढे घरोघरच्या कीबोर्डवर दिसू लागलेली पिच आणि मॉड्युलेशनची (सुराला कंप देणारी) चाकं त्यानंच रुळवली. मी तो फक्त ऐकलाय, किंमत बघून स्वप्नातही आणत नाही. रोलँडच्या टीबी-३०३ ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बेस गिटारवाल्याची जागा घेईल म्हणून काढलेलं यंत्र बाजारात आपटलं. पण मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक, यांनी १९८२ मध्ये ते यंत्र, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन चक्क राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. ३०३ वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, त्यांच्या कानाला त्यात मींड दिसली असणार. शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत काढलं ते त्यानंतर. रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी विचारली नाही.

रोलँडचाच जुनो-१०६ (१९८४) त्याच्या कोरससाठी, म्हणजे एक आवाज अनेकांचा वाटायला लावणाऱ्या सोयीसाठी, आवडतो, साधा सूरही ओल्या मातीसारखा मऊ होतो. यामाहाचा डीएक्स७ (१९८३) मी मानतो, पण त्यावर स्वतःचा आवाज घडवायला बसलो की माझं डोकं दुखतं. बटणं दाबत मेनूत शिरा, आकडे बदला, बाहेर या.

घ्यायचाच असेल तर हात लावून बघा. मी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन दुकानात दोन तास वाजवला, मगच घेतला. मोनोलॉगच्या पट्ट्या लहान आहेत, जाड बोटांना त्रास होतो. रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखी घुमणारी आस, आत नाही, मी गिटारवाल्याचा जुना डिले (प्रतिध्वनीचा) पेडल जोडतो.

सहा पेन्सिल सेलवरही तो चालतो, याचं मला भारी कौतुक होतं. गणपतीत आरतीच्या मध्येच लाईट गेली तेव्हा मी ऐटीत वाजवत राहिलो. मग लक्षात आलं, त्याला स्वतःचा स्पीकर नाही. आरती पेटीवर पूर्ण झाली.