वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातलं अंगण

प्रश्न : महिनाभर रोज बाजरी आणि तांदूळ ठेवतो आहे. चिमण्या आणि कबुतरं सोडली तर कोणी फिरकत नाही. थंडीत बाहेरून येणारे पक्षी अंगणात यावेत म्हणून वेगळं काय ठेवावं?

उत्तर : ठेवण्यापेक्षा जे आहे ते राहू द्या. थंडीत घराच्या आसपास दिसणारे छोटे पाहुणे, म्हणजे थिरथिरा, धोबी, लाल कंठाचा माशीमार, वटवट्या, हे सगळे मुख्यतः किडे खाणारे. त्यांची चोच बारीक आणि सरळ असते, दाणा फोडायच्या कामाची नसते. त्यांचं ताट म्हणजे झाडाखालचा पाचोळा. तो रोज झाडून जाळला की त्यातले कोळी, भुंगेरे, अळ्याही गेल्या.

दीड-दोन मीटर लांबी-रुंदीचा एक कोपरा न झाडता सोडा. पाचोळ्याचा थर ८ ते १० सेंटिमीटर हवा. आठवड्यातून एकदा वरून हलकं पाणी शिंपडा, कारण पाचोळा खडखडीत वाळला की किडे तिथे टिकत नाहीत. ढीग घराच्या भिंतीला किंवा पायरीला लागून नको, नाहीतर वाळवी आणि विंचू दारापर्यंत येतील. त्या कोपऱ्याच्या आसपास कीटकनाशक मारू नका. मारलंत तर बाकी सगळी मेहनत फुकट.

पाचोळ्याशेजारी मीटर-दीड मीटर उंचीची एक बोडकी काठी रोवा. थिरथिरा अशाच उघड्या जागी बसतो. शेपूट सारखी थरथरत असते. नजर जमिनीवर, एकदम खाली झेप, किडा उचलला की पुन्हा वर. माशीमाराला मात्र झाडाची सावली लागते. शेपूट वर उचलली की तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात, आणि बारीक ‘खर्रर्र’ आवाजानेही तो कळतो.

दाणे बंद करायची गरज नाही. तासाभरात संपतील एवढेच ठेवा. भोवती ४ सेंटिमीटर चौकोनांची जाळी लावली तर चिमणी आत जाते, कबुतर बाहेर राहतं. ओले झालेले दाणे त्याच दिवशी फेका, त्यांना बुरशी धरते. खारवलेलं, तळलेलं काही नको.

प्रश्न : बागेतला चमकदार काळा-निळा शिंजीर दिसेनासा झाला आहे. त्याच्या जागी पिवळसर पोटाचा, गळ्यापासून पोटाकडे काळी रेघ असलेला पक्षी येतो. ही वेगळी जात का?

उत्तर : तोच पक्षी. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम संपला की झगमगीत पिसं टाकतो आणि मादीसारखा दिसू लागतो. मधली काळी रेघ ही नराची खूण. हिवाळा सरता सरता अंगावर ठिकठिकाणी चमकदार पिसं येऊ लागतील. तेव्हा तो अगदी अवतारात दिसतो, आजारी आहे असं समजू नका. त्याच्यासाठी मधाचं पाणी टांगू नका, त्यात बुरशी वाढते. नळीसारख्या फुलांची दोन-तीन झुडपं त्याला पुरतात.

प्रश्न : पाणी ठेवलं आहे, पण पक्षी काठावर बसून उडून जातात. आंघोळ कोणीच करत नाही.

उत्तर : भांडं खोल किंवा गुळगुळीत असणार. पायाखाली पकड नसेल तर पक्षी पाण्यात उतरत नाही. मातीचं उथळ परळ घ्या. काठाशी पाणी १ ते २ सेंटिमीटर आणि मध्यभागी फार तर ५. मध्ये एक खरबरीत, चपटा दगड असा ठेवा की त्याचा माथा जेमतेम पाण्याबाहेर राहील. झुडपापासून अंतर २ ते ३ मीटर ठेवा. त्याहून जवळ मांजर दबा धरून बसतं, त्याहून लांब असलं तर ओल्या पंखांनी पळून लपायला जागा उरत नाही.

थंडीत आंघोळ कशाला, असं वाटेल. पण मळलेली पिसं ऊब नीट धरत नाहीत. पाणी रोज बदललेलं उत्तम, एक दिवसाआड तरी बदलाच. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे तेवढ्याने त्यांचाही बंदोबस्त होतो. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन परळ घासा, भरपूर धुवा आणि पूर्ण वाळवूनच पुन्हा भरा.

प्रश्न : खिडकीच्या काचेवर पक्षी आपटतात. ससाण्याचं चित्र चिकटवलं, उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही. पक्षी चित्राला घाबरत नाही, त्याला टाळून शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने, संपूर्ण काचभर, ५-५ सेंटिमीटरवर ठिपके किंवा उभे पट्टे काढा. आतून काढले तर प्रतिबिंब तसंच राहतं. दाण्याचं भांडं खिडकीपासून एक मीटरच्या आत आणा, म्हणजे उडताना वेग येत नाही, किंवा दहा मीटरपलीकडे न्या. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

आपटलेला पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तासा-दोन तासांनी बाहेर नेऊन खोकं उघडा. उडाला नाही किंवा पंख लोंबत असेल तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात पोहोचवा.

प्रश्न : आवारात पिंगळ्यांची जोडी राहते. उंदरांसाठी विष ठेवलं तर त्यांना धोका आहे का?

उत्तर : आहे. रक्त गोठू न देणारी विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मंद होऊन उघड्यावर फिरतो आणि नेमका तोच पिंगळ्याच्या हाती लागतो. विष त्याच्याबरोबर पिंगळ्याच्या पोटात जातं. झाकलेल्या पेटीत चापाचा सापळा लावा. चिकटपट्टीचा नको, त्यावर पाली आणि पक्षीही अडकतात. घराच्या फटी मात्र आधी बुजवा, ६ मिलिमीटरची फटही लहान उंदराला पुरते.