वार खाली आहे, नाळ नव्हे

प्रश्न असा आहे : "सुनेला पाचवा महिना लागलाय. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'वार खाली आहे, जरा जपा.' रिपोर्टवर प्लासेंटा लिहिलंय. मुलगा सगळ्यांना फोनवर 'नाळ खाली आहे' असं सांगतोय. मला वार म्हणजे सोमवार-मंगळवार, नाहीतर तलवारीचा, एवढंच ठाऊक. हा वार कुठला? नाळ नि वार एकच का?"

ताई, एकच नाहीत. आणि हा वार नव्हे, ही वार. आठवड्याचा तो वार, तलवारीचा तो वार, लुगड्याचे नऊ तेही वार, सगळे पुल्लिंगी. बाळंतपणातली तेवढी ती वार. तिचं सामान्यरूप वारेला, वारेची, वारेतून असं होतं. वाराला म्हटलं की घाव, वारेला म्हटलं की गर्भाची सोबतीण. लिंगानं अर्थ वेगळा ठेवायची मराठीची ही सोय फार देखणी आहे, पण हा शब्द कानावरून गेलेला नसेल तर ती कळत नाही. हल्ली तो फारसा जातही नाही. पूर्वी घरातच बाळंतपणं व्हायची, तेव्हा दाराबाहेर थांबलेल्या प्रत्येकाला माहीत असायचा.

आता वस्तू काय आहे ते पाहू, म्हणजे शब्द आपोआप जागेवर बसतील. बीज फळल्यावर साधारण 6-7 दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतं. तोवर त्याच्या पेशींची वाटणी झालेली असते. आतल्या पुंजक्यातून बाळ घडायचं असतं आणि बाहेरच्या थरातून वार. म्हणजे वार ही मुख्यतः बाळाचीच, आईच्या अस्तराचा त्यात थोडा वाटा. बाळ आपल्या हातापायांच्या आधी आपलं अन्न आणायची सोय उभी करतं, हे मला दर वेळी नव्यानं थक्क करतं. दिवस भरेपर्यंत ही वार भाकरीएवढी होते : 20-22 सेंटिमीटर रुंद, दोन-अडीच सेंटिमीटर जाड, वजन अर्ध्या किलोच्या आसपास.

भाकरीची उपमा मी उगाच दिली नाही. लॅटिनमध्ये प्लासेंटा म्हणजे चपटी, थापलेली पोळी. इटलीतल्या रेआल्दो कोलंबो या शरीरशास्त्रज्ञानं 1559 सालच्या आपल्या ग्रंथात हे नाव या अवयवाला दिलं. जर्मन लोक तर सरळ 'आईचा केक' अशा अर्थाचा शब्द वापरतात. त्यांनी आकार पाहिला. आपल्या आयुर्वेदानं वेळ पाहिली आणि 'अपरा' म्हटलं, म्हणजे नंतरची, बाळाच्या मागून बाहेर येणारी. पाठ्यपुस्तकांत हाच शब्द आहे. तो चांगलाच आहे, पण सोनोग्राफीच्या खोलीत कुणी अपरा म्हणत नाही, वारच म्हणतात.

नाळ ही दोरी. एक टोक बाळाच्या बेंबीला, दुसरं वारेला. लांबी 50-60 सेंटिमीटर, आत दोन रोहिणी आणि एक नीला अशा रक्तवाहिन्या, पीळ घातल्यासारख्या. संस्कृतात नाल म्हणजे पोकळ देठ, विशेषतः कमळाचा. शेषशायी विष्णूच्या बेंबीतून निघालेलं कमळाचं देठ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा शब्द पुन्हा विसरणार नाही.

इथं एक गंमत लक्षात घ्या. नाळ आईला चिकटलेली नसतेच. आई आणि नाळ यांच्यामध्ये वार असते. आईचं नि बाळाचं रक्तही एकमेकांत मिसळत नाही. वारेतल्या बारीक झुबक्यांमधून बाळाचं रक्त फिरतं, झुबक्यांभोवती आईचं, आणि मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर अशा गोष्टी पलीकडे जातात. म्हणून 'आईशी नाळ जोडलेली' हे बोलायला गोड असलं तरी जोडणारी खरी वार आहे. वाक्प्रचाराला मी हरकत घेणार नाही, तो रुजलाय. रिपोर्ट सांगताना मात्र घ्यावी लागेल. 'नाळ गळ्याभोवती आली' हे बरोबर, 'वार खाली आहे' हेही बरोबर. 'नाळ खाली आहे' म्हटलं की ऐकणारा डॉक्टर दचकेल, कारण नाळ बाळाआधी खाली उतरणं ही अगदी निराळी आणि तातडीची अडचण असते.

वार खाली असणं म्हणजे ती गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर रुजलेली असणं. पाचव्या महिन्यात अशी दिसलेली वार पुढं बहुतेक वेळा 'वर सरकते'. सरकत नसते खरं तर. गर्भाशयाचा खालचा भाग वाढत, ताणत जातो आणि वार तोंडापासून दूर जाते. तेव्हा सूनबाईंना डॉक्टरांनी सांगितलेलं पाळू द्या, पुढची सोनोग्राफी चुकवू नका आणि मुलाचा शब्द तेवढा दुरुस्त करा.

जुन्या वापरात वारेचा अर्थ जरा ऐसपैस होता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 38 वा श्लोक आहे : धुरानं अग्नी झाकावा, मळानं आरसा, 'यथोल्बेनावृतो गर्भः', तसं कामानं ज्ञान झाकलं जातं. यातलं उल्ब म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टन, आपण ज्याला पाणमोट म्हणतो ती पिशवी. मराठी अनुवादांत इथं 'वारेनं वेढलेला गर्भ' असं वाचायला मिळतं. आजच्या अर्थानं वार गर्भाला वेढत नाही, ती एका बाजूला भिंतीला धरून असते. पण पिशवीचे पापुद्रे वारेच्या कडेलाच जोडलेले असतात आणि तिच्याबरोबरच बाहेर पडतात. मागून येणारं ते सगळं मिळून वार, असा तो हिशोब. अनुवादकाला चूक म्हणू नये.

गुरांच्या बाबतीत याच वस्तूला जार म्हणतात, काही भागांत झार. तो संस्कृत जरायूचा वंशज. अंडज, स्वेदज, उद्भिज आणि जारज या चार खाणी संतवाङ्मयात येतात, तिथला जारज हा जरायुज, म्हणजे वेष्टनासह जन्मणारा. जार म्हणजे परपुरुष, त्याच्यापासून झालेली, अनौरस, ती जारज संतती; तो शब्द वेगळ्या घरचा. कीर्तनात या दोघांची गल्लत झालेली मी ऐकली आहे आणि ती फार खटकते.

आमच्या गोठ्यात गाय व्याली की आजी कंदील घेऊन बसून राहायची. वासरू उभं राहून आचळाला लागलं तरी उठायची नाही. जार पडायला कधी कधी सहा-आठ तास लागतात, आणि पडल्यावर गायीनं तो खाऊ नये म्हणून राखण. माणसात हे साधारण अर्ध्या तासात उरकतं, पण धास्ती तीच. वार अडकली तर रक्तस्राव थांबत नाही. म्हणून बाळाचा ट्यांहां ऐकू आला तरी जुन्या बायका लगेच साखर वाटायला उठत नसत. आधी आत विचारत, "वार पडली का?"