पहिला गेमिंग पीसी जुळवताना

आधी मॉनिटर ठरव, मग ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग). १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवरच खेळायचं असेल तर सगळ्यात महागड्या कार्डाचा हट्ट सोड. बजेटचा मोठा वाटा मात्र कार्डालाच दे. प्रोसेसर मधल्या फळीतला, सहा कोअरचा पुरतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पॉवर सप्लायवर काटकसर. स्वस्तातला बिघडला तर बाकीचे भागही घेऊन जातो.
- १६ जीबी रॅमची एकच स्टिक. ८-८ च्या दोन घे, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र वापरून डेटा जास्त वेगाने जातो.
- डीडीआर५ रॅम (नवी पिढी) डीडीआर४ (आधीची पिढी) च्या मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डात, बसत नाही. प्रोसेसरचं सॉकेटही (बोर्डावरची त्याची खाच) जुळतं का तपास.

रंगीत दिवे नंतर. मी पहिल्या वेळी काचेच्या कॅबिनेटवर भाळलो आणि एसएसडीला (गेम साठवायच्या वेगवान ड्राइव्हला) पैसेच उरले नाहीत! ओव्हरक्लॉकिंग (भाग ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) सध्या डोक्यातही आणू नकोस. यादी झाली की दाखव, बघून सांगतो.