‘फर्स्ट पार्टी होती, तरी खिशातून पैसे का गेले?’ : विम्याबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की विम्याची पत्रं वाढतात. यावेळी गाडीचे आणि दुकानाचे प्रश्न एकत्रच घेतलेत, कारण अडचण सगळीकडे तीच दिसतेय: पॉलिसी घेताना फक्त प्रीमियमचा आकडा बघितला जातो आणि बाकीचे शब्द क्लेमच्या वेळी पहिल्यांदा कानावर पडतात.

प्रश्न (नाशिक): माझी हॅचबॅक साडेतीन वर्षं जुनी आहे, फर्स्ट पार्टी (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारा) इन्शुरन्स आहे. समोरून ठोकली गेली. जीएसटी सोडून बिल ३४,५०० झालं, त्यातले ९,५०० मला भरायला लावले. गॅरेजवाले म्हणतात कंपनीने कापले, कंपनी म्हणते नियमाप्रमाणे आहे. मला फसवलंय का?

उत्तर: नाही, फसवलेलं नाहीये, पण हे तुम्हाला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही बिल पाठवलंत ते बरं झालं, त्यावरूनच बघू. बंपर आणि ग्रिल मिळून १२,०००. हे प्लास्टिक, आणि प्लास्टिक-रबराच्या पार्टला गाडी कितीही नवी असली तरी निम्मे पैसे कापतात, म्हणजे ६,००० गेले. फेंडर पत्र्याचा, ६,००० चा, पत्र्याची कपात गाडीच्या वयावर असते, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, म्हणजे १,५००. पुढची काच ७,००० ची, काचेला ही कपात (घसारा) नाही, पूर्ण मिळाली. मजुरीचे ५,००० पण पूर्ण. पेंटच्या ४,००० मधला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, ते ५००. कूलंट, क्लिपा वगैरे कन्झ्युमेबल्सचे ५००. आणि शेवटी कंपल्सरी डिडक्टिबल, १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये तुमच्याच खिशातून जातात. झाले ९,५००.

झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असतं तर यातले ८,००० वाचले असते. माझं स्पष्ट मत आहे की गाडी पाच वर्षांची होईपर्यंत झिरो डेप घ्यावंच, फक्त वर्षाला किती क्लेम चालतात ते विचारून घ्या, बऱ्याच कंपन्या मर्यादा घालतात. आणि तुमच्या भागात पाणी साचत असेल तर इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं जादा कव्हर) पण बघा, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च नाकारला जातो. अशा वेळी चावी फिरवू नका, टो करून न्या.

प्रश्न (ठाणे): मित्राकडून जुनी कार घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पॉलिसी अजून त्याच्याच नावावर आहे, सहा महिने बाकी आहेत आणि ४५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आहे. तशीच चालवली तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आजच अर्ज करा. गाडी विकली की थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) कव्हर कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर तसं येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते राहिलं आणि गाडी ठोकली की उत्तर येतं, आरसीवर एक नाव, पॉलिसीवर दुसरं, क्लेम नामंजूर. एनसीबीचं म्हणाल तर तो गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. मित्राने क्लेम न करता कमावलेला डिस्काउंट त्याचा आहे, त्याला कंपनीकडून तसं पत्र घ्यायला सांगा, तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर त्याला वापरता येईल. तुम्हाला उरलेल्या महिन्यांसाठी फरकाची रक्कम भरावी लागेल आणि तुमचा एनसीबी शून्यापासून सुरू होईल. आणि पुढे रिन्यूअल ९० दिवसांपेक्षा लांबवू नका, जमलेला एनसीबी जातो.

प्रश्न (कोल्हापूर): एक कंपनी आयडीव्ही ६.२ लाख देतेय, दुसरी ५.१ लाख, पण दुसरीचा प्रीमियम बराच कमी आहे. कोणती घेऊ?

उत्तर: पहिली. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात. थोडासा प्रीमियम वाचवून १ लाख १० हजारांचं कव्हर सोडण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न (चिपळूण): २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं दुकान बुडालं तेव्हा विमा नव्हता. आता सीसी (कॅश क्रेडिट) लोनसोबत बँकेने काढून दिलाय. कागदावर आगीचा विमा असं दिसतंय, मग पूर आला तर काय? आणि अंडरइन्शुरन्स हा काय प्रकार आहे?

उत्तर: वाशिष्ठी नदीचं पाणी तुमच्या बाजारात शिरलं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय, त्यामुळे हे उत्तर जरा मोठं देतो. आधी धीराची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरलेली पॉलिसी आहे, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर हीच मिळते आणि तिच्यात आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप येतात. पॉलिसीवर हे नाव आहे का ते बघा.

आता अंडरइन्शुरन्स, आणि इथेच व्यापाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. बँक बऱ्याचदा कर्जाच्या रकमेएवढाच विमा काढते. समजा सीसी लिमिट २० लाखांचं म्हणून विमा २० लाखांचा, पण दुकानात माल ४० लाखांचा. पुरात खालचा १२ लाखांचा माल गेला, माळ्यावरचा वाचला. तुम्ही म्हणाल नुकसान १२ लाख, विमा २० लाख, म्हणजे पूर्ण मिळायला पाहिजेत. पण तुम्ही निम्म्याच मालाचा विमा उतरवला होता, म्हणून नुकसानही निम्मंच देणार, ६ लाख, त्यातून एक्सेस (क्लेममधला तुम्ही सोसायचा भाग) वेगळा कापणार. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्याच्या पुढे गेलात की हा हिशोब लागू.

आणि सर्व्हेयर (नुकसान तपासायला येणारा) ४० लाखांचा आकडा शोधतो कुठून? तुम्ही दर महिन्याला बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधून, ज्यावर तुमचीच सही असते. लिमिट वाढवून घ्यायला तिथे माल फुगवून दाखवतात, तो आकडा मग क्लेममध्ये अंगावर येतो. म्हणून स्टेटमेंट खरं द्या आणि विमा वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या महिन्याच्या मालाएवढा घ्या, तुमच्याकडे बहुतेक गणपतीच्या आधी. माल खरेदी किमतीला धरतात, त्यावरचा नफा नाही. दुकान बंद राहिलं त्या महिन्यांची कमाई हवी असेल तर लॉस ऑफ प्रॉफिटचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

अजून दोन गोष्टी उद्याच बघा. पॉलिसीवर गोडाऊनचा पत्ता आहे का? विमा त्या पत्त्यावरच्या मालाचा असतो, मागच्या गल्लीतलं गोडाऊन लिहिलेलं नसेल तर तिथला माल उघडा आहे. आणि बिलं, स्टॉक रजिस्टर यांची कॉपी फोन किंवा ईमेलवर ठेवा, कारण पुरात मालाबरोबर मालाचा पुरावाही वाहून जातो. बँकेचं नाव पॉलिसीवर असलं की क्लेमचे पैसे आधी कर्जखात्यात जातात, तेही लक्षात असू द्या.

प्रश्न (पनवेल): दुकानातून रोकड गेली, कुलूप तसंच होतं. बर्गलरी पॉलिसी असून क्लेम नाकारला. दाद कुठे मागायची?

उत्तर: बर्गलरीत साधारणपणे कुलूप, शटर, खिडकी तोडून आत शिरल्याची खूण लागते, त्यामुळे हा क्लेम अवघड आहे हे आधीच सांगतो. गल्ल्यातल्या रोकडीसाठी मनी पॉलिसी असते, नोकरानेच पैसे उचलले तर फिडेलिटी गॅरंटी, यातलं काही पॅकेजमध्ये घेतलंय का ते आधी तपासा. तरी नकार चुकीचा वाटत असेल तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर तक्रार घेतात, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, आणि त्याच विषयावर ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) आधी केस टाकली असेल तर लोकपाल ती घेत नाहीत, तेव्हा आधी कुठे जायचं ते ठरवून मगच कागद पुढे करा.