नैरोबीला कामाला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

नैरोबीतील स्त्रियांच्या संघटनेबरोबर ऑनलाइन सुरक्षिततेचे काम करायला तू निघाली आहेस आणि पहिल्या महिन्यात कोणते प्रशिक्षण घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते एकही घेऊ नये. पासवर्ड कसा ठेवावा हे शिकवणारे पाहुणे तिथे पुष्कळ येऊन गेले आहेत. रात्री उशिरा एखादीचा खासगी फोटो व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरू लागला, तर तिच्याजवळ कोण जाऊन बसते, धमक्यांचे संदेश तिच्याऐवजी कोण वाचते, पुरावा कोण जपते आणि तिला काही दिवस दुसरीकडे राहावे लागले तर त्याचे भाडे कोण भरते, हे आधी समजून घे.

हे समजून घेताना आफ्रिकेतील स्त्रियांच्या संघटित होण्याचा इतिहास मोबाइल फोनपेक्षा फार जुना आहे, हे विसरू नकोस. १९२९ साली आग्नेय नायजेरियात कर बसणार या शंकेने हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. उन्मत्त पुरुषाच्या दारी जमावाने बसायचे, त्याच्या वागण्यावर गाणी म्हणायची आणि तो नमेपर्यंत हलायचे नाही, ही इग्बो स्त्रियांची जुनी रीत त्यांनी इंग्रजांनी नेमलेल्या गावप्रमुखांवर चालवली. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. खुद्द नैरोबीत १९९२ साली राजकीय कैद्यांच्या आया पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांच्यासह उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या. पोलिसांनी त्यांना मारून हुसकावले तेव्हा त्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आश्रयाला गेल्या आणि बहुतेकींची मुले सुटेपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, तिथून हलल्या नाहीत. इतका काळ तग धरायला लागणारे अन्न, अंथरूण, औषध आणि पाळीपाळीने दिलेला पहारा यांचे वर्णन आंदोलनाच्या कथांत क्वचितच येते. मला मात्र आंदोलनाचा कणा तोच वाटतो, आणि आज ज्याला सामूहिक काळजी म्हणतात ती याहून वेगळी नाही. केनियात घरोघरी चालणारा ‘चामा’ म्हणजे आपली भिशीच समज. संकटकाळचा निधी उभा करायचा असेल, तर अशा आधीपासून विश्वास असलेल्या गटांकडे जावे. नवी समिती स्थापून उगाच वेळ दवडू नये.

पैशाच्या बाबतीत नायजेरियातील फेमिनिस्ट कोअॅलिशनचे उदाहरण नीट अभ्यास. जुलै २०२० मध्ये काही तरुण स्त्रियांनी हा गट स्थापला आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या ‘सार्स’ या दरोडाविरोधी पथकाविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा वकील, रुग्णवाहिका, अन्न यांचा खर्च त्यांनी उचलला. देणग्यांचे मार्ग बंद पाडले गेले तेव्हा त्या बिटकॉइनकडे वळल्या. सुमारे १४ कोटी ७८ लाख नायरा जमले, आणि जमाखर्च त्या वेळोवेळी जाहीर करत राहिल्या. स्त्रियांच्या गटावर चिखलफेक होते तेव्हा पहिला संशय चारित्र्यावर आणि दुसरा पैशावर घेतला जातो. पहिल्याला उत्तर देत बसू नये, पण दुसऱ्यासाठी हिशेब तयार ठेवावा.

कायद्याचा मार्ग धरताना सावध राहा. आफ्रिकेतील स्त्रियांच्या हक्कांचा करार, म्हणजे मापुटो प्रोटोकॉल, २००३ साली स्वीकारला गेला, आणि आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने २०२२ साली स्त्रियांवरील डिजिटल हिंसेविषयी स्वतंत्र ठराव केला. मागणी मांडताना दोन्ही उपयोगी पडतील. परंतु शेजारच्या युगांडात संगणक-गैरवापराच्या कायद्याखाली, सायबर छळाच्या आरोपावरून, शिक्षा झाली ती स्टेला न्यान्झी या स्त्रीवादी अभ्यासक महिलेला, राष्ट्राध्यक्षांवर फेसबुकवर कविता लिहिली म्हणून. २०१९ ची ती शिक्षा पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने रद्द केली, पण तोवर त्यांचे तुरुंगात एक वर्षाहून अधिक गेले होते. म्हणून पोलिसांकडे जायचे की नाही हे जिच्यावर हल्ला झाला तिनेच ठरवावे. तू तिला परिणाम सांग, ओळखीचा वकील गाठून दे, आणि ती नको म्हणाली तर पुन्हा आग्रह करू नकोस.

पोलिको या युगांडातील संस्थेने २०२० साली केनियासह पाच देशांतील ३,३०६ स्त्रियांशी बोलून अहवाल काढला. त्यात सुमारे २८ टक्के स्त्रियांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचे सांगितले. अशा प्रसंगी खाते बंद कर, फोटो काढून टाक, असा सल्ला सहज तोंडी येतो. तो देण्यापूर्वी दोनदा विचार कर. जिची रोजची विक्री फेसबुकवर चालते तिचे खाते बंद झाले, तर हल्लेखोराला हवे तेच झाले. ज्या घरात एक फोन सगळे वापरतात तिथे त्याला पासवर्डचे नवे कुलूप दिसताच नवरा मारहाण करू शकतो. खाते बंदच करायचे ठरले, तरी आधी मजकुराचा दुवा, तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. हे काम त्या स्त्रीने करू नये आणि रोज एकाच सहकारिणीनेही करू नये, कारण घाण वाचून मन थकते. त्यासाठी पाळ्या लाव आणि त्यांत स्वतःलाही सुट्टीचा दिवस दे.

हल्ला नेहमी बाहेरूनच होतो, असे नाही. २००६ साली आक्रा येथे शंभरहून अधिक स्त्रियांनी आफ्रिकी स्त्रीवाद्यांची सनद स्वीकारली, तेव्हा हक्कांबरोबर स्वतःच्या आणि संस्थेच्या वर्तनाचे नियमही तीत लिहिले. एखादी ज्येष्ठ कार्यकर्ती गटाच्या संवादात कुणा मुलीचा अपमान करत असेल, तर ‘चळवळीचे नाव खराब होईल’ म्हणून ते दाबले जाते. तू नवी आहेस, परकी आहेस. तेव्हा स्वतः न्यायनिवाडा करायला बसू नकोस, पण तक्रार कोणाकडे करायची ते नाव लेखी ठरलेले आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचार.

राहता राहिली भाषा. शेंग या नैरोबीतल्या तरुणांच्या स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोलीतली शिवी फेसबुकसारख्या कंपनीच्या, इंग्रजीवर पोसलेल्या यंत्राला सहसा कळत नाही, आणि कंपनीकडून ‘नियमभंग आढळला नाही’ असे उत्तर येते. तक्रारीसोबत त्या शब्दाचा तिथल्या वस्तीत काय अर्थ होतो, हे दोन ओळींत लिहून जोडावे लागते, आणि ते तिथली मुलगीच लिहू शकते. तिला या कामाचे मानधन मिळेल अशी तरतूद तुझ्या अंदाजपत्रकात आत्ताच कर. नंतर देणगीदार ती मान्य करत नाहीत.

तुझी,
ताई